कविराजांची घरमालकीण

कांचन सामंतने घर घेतलं तेव्हा त्या घराबरोबर एक कवीही पदरात पडतोय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एजंटने छत दाखवलं, नळ सोडून दाखवले, कौरीच्या लाकडाची जमीन दाखवली, मागच्या लहान खोलीच्या खिडकीतून समुद्र दाखवला. कवीबद्दल त्या बिचाऱ्यालाही काही माहीत नव्हतं.

गावाचं नाव हॅलोरन बे. ऑकलंडपासून दूर, कोरोमंडेल द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरचं चिमुकलं गाव. एक शाळा, एक पेट्रोलपंप, दूध-पेपर-आइस्क्रीम विकणारी एक डेअरी, बोटी लावायचा लाकडी धक्का आणि एक फार्मसी. त्या फार्मसीपायीच कांचन इथे आली. ती मूळची ठाण्याची, नौपाड्यातली. ऑकलंडला न्यू लिनमध्ये भाड्याच्या घरात बरीच वर्षं काढली, मुलगा नील युनिव्हर्सिटीत गेला, आणि हॅलोरन बेचा म्हातारा फार्मासिस्ट आता दुकान सोडतोय असं तिच्या कानावर आलं. नवरा गुरुनाथ रस्ते आणि पूल बांधणारा इंजिनिअर. त्याला काम कुठेही मिळालं असतं, पण ह्या किनाऱ्यावर जरा जास्तच, कारण मोठा पाऊस झाला की इथला डोंगर खाली उतरतो आणि रस्त्यावर फतकल मारून बसतो.

सामान घेऊन येताना गुरुनाथ गाडीत म्हणाला होता, "कोरोमंडेल हे आपल्याकडच्याच किनाऱ्याचं नाव. त्या नावाचं जहाज इथे आलं, ते नाव ठेवून गेलं. म्हणजे आपण अगदीच परक्या मुलखात चाललो नाही."

"अहो, तो मद्रासकडचा किनारा. आपला कुठे?" कांचन म्हणाली.

"इथून बघितलं तर आपलाच," गुरुनाथ म्हणाला आणि त्याने गिअर बदलला.

घर तिला आवडलं. पुढे रुंद व्हरांडा, त्याला दोन लाकडी पायऱ्या, दाराशी पोहुतुकावाचं वाकडंतिकडं झाड. डिसेंबरात ते लालभडक फुलायचं आणि व्हरांडाभर केसर सांडायचे. मागच्या लहान खोलीत सकाळचं ऊन थेट समुद्रावरून यायचं, म्हणून तिथे तिने देव मांडले. त्याच खोलीत इस्त्रीचं टेबलही ठेवलं. देवांची त्याला हरकत दिसली नाही.

गावाने तिला पटकन आपलंसं केलं. फार्मासिस्टचं असंच असतं. कुणाला रक्तदाबाची गोळी वाढली, कुणाची झोप उडाली, कुणाची मुलगी नको त्या काळजीत आहे, हे सगळं तिला ठाऊक असायचं आणि ते तिच्या तोंडून कधी बाहेर पडायचं नाही. कांचन हे नाव गावाला जरा लांब वाटलं, तेव्हा त्यांनी तिला 'कॅन' करून टाकलं. तिनेही ते चालवून घेतलं.

पाच-सहा वर्षं अशी सुखात गेली. मग एका शनिवारी सकाळी ती दोरीवर चादरी वाळत घालत असताना गेटशी कुणीतरी बोलत असल्याचं ऐकू आलं. पुढे येऊन बघते तो मेरे उभी. मेरे ही शाळेतली निवृत्त शिक्षिका. तिचं माओरी घराणं ह्या खाडीवर कधीपासून राहतंय ते मोजायला वर्षं पुरणार नाहीत. तिच्याबरोबर रेनकोट घातलेला एक किडकिडीत माणूस होता. त्याच्या हातात एक जुना फोटो. तो फोटो डोळ्यांसमोर धरायचा, मग खाली करायचा, एकदा झाडाकडे बघायचा, एकदा व्हरांड्याच्या खांबांकडे.

"किया ओरा, कॅन," मेरे म्हणाली. "हे लिस्बनचे प्रोफेसर आहेत. त्यांचं म्हणणं, तुझ्या घरात एक मोठा कवी राहायचा."

प्रोफेसरांचे डोळे भरून आले होते. "अमारो व्हिएगस," ते म्हणाले, जसं काही आत कुणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ नये.

"व्हिएगस?" कांचन म्हणाली. "म्हापशाला माझ्या मावशीकडे पाव घेऊन यायचा, त्याचं नाव व्हिएगस होतं."

ह्या माहितीचं काय करायचं ते प्रोफेसरांना कळलं नाही. पण कांचनने त्यांना आत बोलावलं, चहा टाकला, आणि त्या चहावर सगळी हकिगत बाहेर आली. हा व्हिएगस पोर्तुगालचा. तिथे सरकार बदललं, माणसं पकडली जाऊ लागली, तेव्हा तो एका मालवाहू जहाजावर चढला आणि उतरत उतरत इथवर आला. गावाने त्याचंही नाव कापून 'विक' केलं. विक जाळी विणून द्यायचा, मागे कोबीसारखी कसलीशी भाजी लावायचा, मेरेच्या आजोबांना मासे विकायचा. अकरा-बारा वर्षं तो ह्या घरात राहिला. युद्धाच्या दिवसांत एका हिवाळी सकाळी तो बोट घेऊन गेला. बोट सापडली, विक सापडला नाही. त्याने लिहिलेलं एका खलाशी मित्राने पुढे पोर्तुगालला नेलं, ते छापलं गेलं, आणि आता तिथली मुलं ते शाळेत पाठ करतात. इथे मात्र कुणाला पत्ताच नव्हता. जाळी विणणारा माणूस कविता करतो असं कोण म्हणेल?

"बायकापोरं?" कांचनने विचारलं. तिचा पहिला प्रश्न तोच.

"बायको आणि लहान मुलगी मागे राहिली," प्रोफेसर म्हणाले. "परत भेट झाली नाही."

"आणि कवितेत आहेत का त्या?"

प्रोफेसरांनी चहाचा कप बशीत ठेवला. "थेट नाहीत," ते म्हणाले.

तेव्हापासून कांचनचं आणि कविराजांचं जरा बिनसलं. मेरेने तिला त्यांच्या कवितांचं इंग्रजी भाषांतर आणून दिलं. फार्मसीत गिऱ्हाईक नसताना तिने ते चाळलं. एक कविता बटाटा सोलण्यावर होती, चांगली दोन पानं. "बटाट्यावर दोन पानं लिहितो, आणि पोटच्या पोरीवर एक ओळ नाही," ती रात्री गुरुनाथला म्हणाली. पुस्तक तिने इस्त्रीच्या टेबलाखाली ठेवून दिलं. इस्त्री करताना कधी कधी ती त्या रिकाम्या खोलीलाच दोन शब्द सुनवायची.

गावात कमिटी झाली. गेटजवळ पितळेची पाटी लागली. आणि माणसं येऊ लागली. आधी महिन्यातून एखादं, मग उन्हाळ्यात दर आठवड्याला. ब्राझीलचे विद्यार्थी, ऑस्ट्रेलियातली पोर्तुगीज कुटुंबं, एकदा तर लग्न होऊन थेट इकडेच आलेलं जोडपं. कायद्याने त्यांना गेटबाहेरून पाटी बघायची आणि जायचं होतं. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाला रस्त्यावर उभं ठेवायचं हे कांचनच्या रक्तातच नव्हतं. ती त्यांना आत घ्यायची. मागची खोली दाखवायची. ती माणसं कवीच्या खिडकीशी हात जोडल्यासारखी उभी राहायची, आणि बाजूला गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण त्यांच्याकडे बघत असायचे. कुणी चपला-बूट बाहेर काढून यायचं, कुणी तसंच. एक ब्राझिलियन मुलगा देवांना कवीचं काहीतरी समजून मनोभावे पाया पडला.

गुरुनाथ वैतागायचा. "हे घर आहे की धर्मशाळा? मी रविवारी बनियनवर पेपर वाचत बसलोय, आणि समोर सहा माणसं माझ्या डोक्यावरच्या खिडकीचे फोटो काढतायत!"

"मग शर्ट घाला," कांचन म्हणायची.

"उद्या म्हणतील, गुरुनाथ सामंत हेही कवीच्याच काळातले."

असं चाललं होतं. आणि मग दिवाळीच्या दिवसांत, नोव्हेंबर नुकता लागलेला असताना, दुपारी मेरेचा फोन आला. फार्मसीत बदली माणूस होता, कांचन घरी चकल्या तळत होती.

"कॅन, घरी आहेस? विकची मुलगी आली आहे."

"कोणाची?"

"विकची. मुलगी. ऐंशीच्या पुढची आहे. नातू ऑकलंडला शेफ आहे, त्याच्याकडे आली होती. आम्ही पाच मिनिटांत येतोय."

कांचनने गॅस बंद केला, केसांवरून हात फिरवला, आणि व्हरांड्यात येऊन उभी राहिली. गेटमधून एक बुटकी, जाड हाडाची म्हातारी आली. काळा स्कर्ट, काळा स्वेटर, पायात जाड तळव्यांचे बूट. तिचं नाव लुर्देस. नातवाचं नाव तियागो. म्हातारीने पाटीकडे बघितलंही नाही. ती घराकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं, राग होता. खूप वर्षं घडी घालून ठेवलेला, सुरकुत्या पडलेला राग.

तियागो म्हणाला, "आजीला इंग्रजी येत नाही. मी आणि मेरे जरा धक्क्यावर जाऊन येतो. समुद्रात फुलं सोडायची आहेत, बोटवाल्याशी बोलायचंय. ती बोटीत बसायला तयार नाही. इथे बसली तर चालेल का?"

"चालेल का काय विचारतोस? बसू दे की."

ती दोघं गेली, आणि दोन बायका स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघत राहिल्या. कांचनने खुर्ची दिली, चहा दिला, डिशमध्ये चकली आणि ब्रेडचे काप ठेवले. म्हातारीने ब्रेडला बोट लावलं. "पांव," ती म्हणाली.

"पाव!" कांचन म्हणाली. "हो हो, पाव."

म्हातारीने मान वर केली. मग तिने आपल्या पिशवीतली किल्ली काढून दाखवली. "शाव्ह."

"चावी," कांचन म्हणाली आणि हसली. तिने फडताळ उघडून काजूची बरणी काढली.

"काजू," म्हातारी आपणहून म्हणाली.

मग दोघींचा खेळच सुरू झाला. बटाटा म्हणजे बटाटाच. अननसाच्या डब्याला 'अनानाश'. साबणाला 'सबांव'. कोबीपाशी थोडी गाडी अडली, पण तीही निघाली. ज्या भाषेचा एक शब्द आपल्याला येत नाही असं कांचनला आयुष्यभर वाटत होतं, ती तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांत भरलेली होती. म्हातारीचा चेहरा जरासा सैल झाला. चकली तिने एक खाल्ली, मग दुसरी घेतली.

मग ती उठली. बाहेर व्हरांड्यात गेली, पायऱ्यांकडे बघितलं, आणि कांचनकडे वळून म्हणाली, "बाल्द."

"बालदी?"

म्हातारीने हाताने घासायची खूण केली. कांचनला काही उमजेना. पाहुणीला का कुणी घर धुवायला देतं? पण म्हातारीचा चेहरा असा होता की नाही म्हणवेना. तिने बालदी भरून आणली, ब्रश आणला. म्हातारीने स्वेटरच्या बाह्या मागे सारल्या, गुडघ्यांवर बसली, आणि वरची पायरी घासायला घेतली. घासताना ती लाकडाच्या प्रत्येक रेघेत ब्रश घालत होती, जसं एखाद्या मुलाच्या कानामागचं धुवावं.

खालच्या पायरीपाशी ती थबकली. तिथे रांगोळी होती. सकाळी कांचनने काढलेली, मधे पणतीची जागा, कडेने कोयऱ्या. म्हातारीने ब्रश उचलून धरला आणि मान हलवली. नाही, हे मोडायचं नाही.

कांचन तिच्या शेजारी खाली बसली. ओल्या फडक्याने तिने रांगोळी एका हाताने पुसून टाकली. "रोज सकाळी पुसायचीच असते हो ती," ती मराठीतच म्हणाली. "उद्या परत काढीन."

म्हातारीने तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि पुन्हा घासायला लागली. कांचनने दुसरा ब्रश घेतला.

तेवढ्यात गुरुनाथची यूट, मागे उघडा हौदा असलेली कामाची गाडी, दारात थांबली. कुठेतरी दरड कोसळली होती, तिथून तो भगवं जाकीट आणि चिखलाचे बूट घालून येत होता. बघतो तर बायको आणि एक अनोळखी म्हातारी गुडघ्यांवर बसून पायऱ्या घासतायत.

"काय चाललंय?" तो म्हणाला.

"मला माहीत नाही," कांचन म्हणाली. "पण तिला धुवायचंय. पाणी बदलून आणा."

गुरुनाथने बूट काढले, बालदी उचलली आणि पाणी बदलून आणलं. एकदा नाही, तीनदा आणलं.

धुऊन झाल्यावर म्हातारी ओल्या पायरीच्या कडेला बसली आणि बोलू लागली. बराच वेळ बोलली. आवाज चढला नाही, थांबलाही नाही. तिच्या बोलण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि तेवढाच कांचनला कळत होता. पाय. पाय. पाय.

"अहो, हिचे पाय दुखतायत," कांचन गुरुनाथला म्हणाली. "एवढ्या वयात गुडघ्यांवर बसली. मला आधीच कळायला हवं होतं." ती आत गेली, दुखण्यावरचं मलम घेऊन आली, म्हातारीसमोर बसली, आणि तिचे बूट सोडून मोजे खाली करून पोटऱ्यांना मलम चोळायला लागली.

म्हातारी आधी चकित झाली. मग आपल्या पायांकडे, कांचनच्या हातांकडे बघत राहिली. आणि मग ती हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. हसता हसता तिने कांचनच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी.

तियागो आणि मेरे परत आले ते असे. म्हातारी नातवाला भरभर काहीतरी सांगू लागली.

"काय म्हणते?" कांचनने विचारलं. "पाय फार दुखतायत का?"

तियागोने ऐकलं आणि त्यालाही हसावं की काय ते कळेना. "पाय म्हणजे वडील," तो म्हणाला. "ती वडिलांबद्दल बोलत होती."

कांचनचे हात तिथेच थांबले.

मग तियागोने सगळं नीट सांगितलं. ह्या दिवसांत त्यांच्या गावी सगळे जण आपल्या माणसांची थडगी घासूनपुसून धुतात, फुलं ठेवतात. लुर्देसने आयुष्यभर आईचं थडगं धुतलं, आजीचं धुतलं, नवऱ्याचं धुतलं. बापाला थडगंच नव्हतं. ती तीन वर्षांची असताना तो देश सोडून गेला. त्याच्या कविता घराघरांत गेल्या, पण तिने एकही वाचली नाही. तियागो शाळेसाठी पाठ करायचा तेव्हा ती खोलीतून उठून जायची. "ती म्हणायची, माणूस सगळ्या जगाशी बोलला आणि आमच्याशी नाही," तो म्हणाला.

हेच तर कांचन इस्त्री करताना त्या खोलीला सुनवत आली होती. पण आता म्हातारीचे पाय तिच्या मांडीवर होते, आणि तो राग आपला नव्हता, उसना होता, हे तिला समजलं.

जायच्या आधी लुर्देस एकटीच मागच्या खोलीत गेली. खिडकीशी उभी राहिली. समुद्र बघितला. देवांकडे बघितलं, त्यांच्यासमोर तेवत असलेल्या निरांजनाकडे बघितलं, छातीवर क्रूस काढला, आणि बाहेर आली. गेटपाशी ती कांचनचे दोन्ही हात धरून काहीतरी म्हणाली.

तियागोने सांगितलं, "ती म्हणते, मला वाटलं होतं घर रिकामं असेल. बरं झालं, कुणीतरी नांदतंय."

दुसऱ्या दिवशी कांचनने पायरीवर नवी रांगोळी काढली. त्या आठवड्याच्या शेवटी गुरुनाथने कुणाला न सांगता, न विचारता पायऱ्यांना लाकडी कठडा बसवला. "म्हातारी माणसं येतात," तो म्हणाला. "उद्या कुणी पडलं तर कमिटी थोडीच येणार आहे?" रविवारी तो शर्ट घालून पेपर वाचायला लागला.

लुर्देस दोन वर्षांनी गेली. तियागोने फोन करून कळवलं. तिच्यासाठी कांचनने मागच्या खोलीत एक समई जास्त लावली, आणि कविराजांना पहिल्यांदा रागावल्याशिवाय म्हणाली, "गेली हो तुमची पोर."

मग वय बोलू लागलं. गुरुनाथच्या हृदयात स्टेंट बसवला. जवळचं मोठं हॉस्पिटल म्हणजे डोंगरातून दीड-दोन तासांचा रस्ता, आणि तो रस्ता किती भरवशाचा ते गुरुनाथइतकं कुणाला ठाऊक असणार? नील बायको-मुलीसह ऑकलंडला फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात राहत होता. घर मोठं, खालची खोली रिकामी. "आई, बाबा, आता पुरे," तो म्हणाला. "इकडे या."

घराला गिऱ्हाईक लगेच मिळालं. ऑकलंडचं एक कुटुंब, सुट्टीसाठी घर हवं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, हे पाडून नवं बांधणार. कमिटीला ते घर हवं होतं, पण पैसे जमवायला तिला वेळ लागणार होता. किती, ते कमिटीलाही सांगता येईना.

नील म्हणाला, "बाबा, कमिटीचं काही खरं नसतं. वर्ष जाईल, दोन जातील. आणि तुम्हालाच तर ती गर्दी नको होती ना?"

घर दोघांचं होतं, आणि आपल्या मनात काय आहे ते बोलून नवऱ्यावर भार टाकायचा नाही असं कांचनने ठरवलं होतं.

"गर्दी नकोच होती," गुरुनाथ म्हणाला. "अजूनही नको. पण जगाच्या टोकावरून आलेलं माणूस गाडीतून उतरून 'घर कुठे आहे?' असं विचारत उभं राहिलंय, हे मला बघवणार नाही. आपण थांबू."

कांचनने नवऱ्याकडे बघितलं. छत्तीस वर्षांचा संसार झाला होता, तरी हा माणूस अजून पुरता कळलेला नाही, असं तिला वाटलं, आणि त्याचं तिला बरं वाटलं.

ते थांबले. मधे कोविड आला, सगळं ठप्प झालं, तरी थांबले. शेवटी कमिटीने घर घेतलं. देव उचलून फ्लॅट बुशला आले.

तिकडे करमायला दिवस लागले. पुढच्या रस्त्यावर सकाळी सगळ्या गाड्या मोटरवेकडे निघून जायच्या आणि संध्याकाळपर्यंत एक माणूस दिसायचा नाही. गेटवर कुणी येत नव्हतं. पहिले काही महिने कांचन रविवारी दुपारी उगीचच पुढच्या खिडकीतून बघायची. मग तिने कम्युनिटी सेंटरमध्ये म्हाताऱ्या लोकांना औषधांबद्दल समजावून सांगायचं काम घेतलं, आणि ती पुन्हा माणसांत आली.

गेल्या वसंतात घर म्युझियम म्हणून उघडलं. मेरेने कळवलं, पण उद्घाटनाला गुरुनाथला ताप होता, जमलं नाही. महिन्याभराने कांचन, गुरुनाथ आणि नात इरावती असे तिघे गाडीने गेले. कांचनने मेरेला मुद्दामच सांगितलं नाही. तिला बाकीच्यांसारखं जायचं होतं.

दारात ग्रॅहम नावाचा गृहस्थ होता. 'ते रापा' नावाच्या ठिकाणच्या दूध कारखान्यातून निवृत्त होऊन तो नुकताच ह्या गावात आला होता, आणि आठवड्यातून दोन दिवस म्युझियम दाखवायचा. त्याने तिघांचं हसून स्वागत केलं. "पहिल्यांदाच येताय का?"

"अशी मी पहिल्यांदाच येतेय," कांचन म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

ग्रॅहम फार मन लावून सांगत होता. मागच्या खोलीत आता लोखंडी खाट होती, साधं मेज होतं, भिंतीवर अमारो व्हिएगसचा मोठा फोटो होता. कांचनने कविराजांना इतकं मोठं कधी बघितलं नव्हतं. रुंद कपाळ, थकलेले डोळे, आणि हनुवटी हुबेहूब लुर्देसची. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. देवांच्या जागी आता काचेच्या पेटीत जाळी विणायची लाकडी सुई होती. तिला वाटलं होतं तसं वाईट वाटलं नाही.

"आजी, was this your puja room?" इरावतीने हळूच विचारलं.

"हो गं. आणि इस्त्रीची," कांचन पुटपुटली.

शेवटी ग्रॅहमने त्यांना व्हरांड्यात आणलं आणि छताकडे बोट दाखवलं. तिथे तुळईत एक जाड लोखंडी हूक होता. "आणि ही माझी आवडती गोष्ट," तो म्हणाला. "बोटी बाहेर असल्या की व्हिएगस ह्या हुकाला कंदील टांगायचा. समुद्रातल्या माणसांना दिसावा म्हणून."

गुरुनाथला ठसका लागला. तो हूक त्याने स्वतः शिडीवर चढून, ड्रिलने भोक पाडून बसवला होता. त्याने कांचनकडे बघितलं आणि डोळ्यांनीच म्हणाला, जाऊ दे.

पण कांचनने आयुष्यभर फार्मसी चालवली होती. चुकीचं लेबल लावलेली बाटली तिने कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. "माफ करा," ती म्हणाली. "तो हूक कवीचा नाही. आमचा आहे. दिवाळीत आकाशकंदील लावायला माझ्या नवऱ्याने बसवला. आम्ही इथे राहायचो."

ग्रॅहमचा चेहरा लाल झाला. "वर्षभर... नाही, महिनाभर मी हे लोकांना सांगतोय," तो म्हणाला. मग डोक्यावरून हात फिरवत व्हरांड्याच्या बाकावर बसला आणि मोठ्याने हसला. "म्हणजे तुम्ही कॅन! मेरे तुमच्याबद्दल सारखी बोलते. आणि मी तुम्हाला तुमचंच घर दाखवलं."

"छान दाखवलंत," कांचन म्हणाली. "मला आमच्या काळात एवढं सांगता यायचं नाही."

"मग बसा," ग्रॅहम म्हणाला. "मला सांगा ना. व्हिएगस झोपायचा कुठे? चूल कुठे होती? काहीच कळायला मार्ग नाही."

"कविराजांचं मला माहीत नाही. आमचं सांगते," कांचन म्हणाली. आणि भरती चढेपर्यंत ती सांगत बसली. ब्राझीलचा मुलगा, नवं जोडपं, लुर्देस. लुर्देसचं सांगताना ग्रॅहमने चष्मा काढून पुसला. गुरुनाथ मधेच उठून पायऱ्यांचा कठडा हलवून बघून आला. हलत नव्हता.

परत निघाले तेव्हा गाडी कांचनने चालवली. गुरुनाथ पहिल्याच घाटात झोपला. मागच्या सीटवर इरावती फोन बघत होती.

"आजी, did you ever read his poems? All of them?"

"नाही गं," कांचन म्हणाली. "रागात राहून गेल्या."

"There's one here. It's short. वाचू?"

"वाच."

इरावतीने इंग्रजीतून वाचली. ओहोटीची कविता होती. पाणी मागे जातं तेव्हा ते किनाऱ्याला सोडत नाही, फक्त त्याच्यापासून हात लांब करतं, असं काहीसं. पुढे एक वळण होतं, समोरून लाकडं भरलेला ट्रक येत होता. कांचनने गाडी कडेला घेतली, ट्रक जाऊ दिला, आणि पुन्हा रस्त्यावर आणली.

"परत वाच," ती म्हणाली. "हळू वाच. माझं लक्ष रस्त्याकडे होतं."